पुढचं चाक कोण बसवणार?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

साडूबुवा,

आजवर मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: गाडी वर उचलायचा जॅक, दाताच्या दवाखान्यातून मोडीत निघालेल्या खुर्चीच्या बुडाचा. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा शिकंजा. गॅरेजचं सरकतं दार, जे अजूनही करंगळीने उघडतं. चेन धुवायची पत्र्याची पेटी. स्वयंपाकघराची खिडकी, चौकटीसकट. आणि तुमच्या दुकानातली ती चाकांवर धावणारी शिडी, जिच्यावर चढून तुम्ही आजही वरच्या फळीवरची औषधं काढता, माझ्याशी बोलत नसलात तरी.

हे सगळं नववी नापास माणसाने कुणाच्या हाताखाली न राहता केलेलं आहे. मिरवायला सांगत नाही. बरं, थोडं मिरवायलाही सांगतो. पण मुख्य म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते कुणा रिकामटेकड्याचं मत नाही, हे आधी कळावं.

सहा वर्षांनी लिहितोय. समेटासाठी नाही, गैरसमज नसावा. काल या दोघी बहिणी फोनवर पाऊण तास बोलल्या. त्यातली चाळीस मिनिटं पडद्याच्या कापडावर गेली. मग ही एकदम म्हणाली, "अगं बाई, परत गाडी? त्या पायाने? आणि केवढ्या मोठ्या!" माझा चहाचा कप तिथेच थांबला. फोन ठेवल्यावर तिनेच सांगितलं, कारण मी न विचारता तिच्याकडे बघत राहिलो की तिला राहवत नाही.

तर तुम्ही दोन गाड्यांमध्ये अडकला आहात. एक दोन सिलिंडरची, सातशे सीसीच्या आसपासची. दुसरी तीन सिलिंडरची, नऊशेच्या जरा आतली. रोज घर ते दुकान, आणि मन झालं तर घाटात. हिची धाकटी बहीण म्हणाली म्हणे, की तुम्ही दोन्हींची माहितीपत्रकं आणून औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद वाचावा तशी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत आणि आता जास्तच गोंधळला आहात. होणारच. माहितीपत्रकात वजन असतं, पण सिग्नलला गाडी डावीकडे कलते तेव्हा ते वजन कुणाच्या मांडीवर येतं ते नसतं.

दोन सिलिंडरची माझ्याकडे गेली पाच वर्षं आहे. सध्या फारशी बाहेर काढत नाही, पण नखशिखांत ओळखतो. तीन सिलिंडरची दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आहे, खुर्ची त्यांचीच होती. पुढच्या आठवड्यात ती सर्व्हिसिंगला येते आहे. दोन्ही शेजारी शेजारी लावून मापं घेतो आणि कळवतो. फोन करणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तुम्ही गप्प बसता, आणि तुमचं गप्प बसणं माझ्या आवाजापेक्षा मोठं असतं.

तुम्ही पडलात ते वळणावरच्या वाळूने, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तो विषय आज काढत नाही.

ही दर बुधवारी तुमच्याकडे येतेच, तिच्या पिशवीत पत्र देतोय. पाकीट इंजिनाला लावायच्या सीलंटने चिकटवलं आहे. या दोघींनी वाफेवर धरलं तरी सुटणार नाही. तुम्ही सरळ फाडा.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

साडूबुवा,

डॉक्टरीणबाईंनी गाडी दोन दिवस ठेवून घ्यायची परवानगी दिली. "परत देताना टाकी भरलेली हवी," म्हणाल्या, "आणि माझा आरसा हलवलात तर तुमची दाढ भूल न देता काढीन." आरसा हलवला नाही.

आधी एक सांगतो. तुमच्या पँटचा डावा पाय दीड सेंटिमीटर आत दुमडून शिवतात, हे बहिणी-बहिणींच्या बोलण्यातून मला मागेच कळलं होतं. म्हणून उजव्या बुटात दीड सेंटिमीटरचा रबराचा तुकडा घातला. तुम्ही माझ्याहून तेवढेच उंच, तेव्हा डावा पाय आपला सारखा आणि उजवा तुमच्याएवढा लांब झाला. तसाच लंगडत दोन दिवस दोन्ही गाड्या चालवल्या. हिने विचारलं, "पायाला काय झालं?" म्हटलं, "मुंग्या आल्यात." दोन दिवस मुंग्या कशा टिकल्या हे तिने विचारलं नाही, पण संध्याकाळी तेलाची बाटली उशाशी आणून ठेवली.

रस्ता तोच घेतला जो तुम्ही रोज घ्याल. माझ्या दारापासून तुमच्या दुकानापर्यंत साडेअकरा किलोमीटर, मधे पूल, चार सिग्नल, सात गतिरोधक, त्यातला शाळेसमोरचा गतिरोधक कमी आणि भिंत जास्त. तुमचं घर या रस्त्यावर पुलाच्या पलीकडे लागतं. तुमच्या दुकानाआधीच्या चौकातून परत वळलो. उगाच गिऱ्हाइकांच्या वेळेत कशाला.

आता मुद्द्याचं.

बसणं. दोन सिलिंडरच्या सीटची उंची माझ्या टेपने साडेऐंशी सेंटिमीटर, तीनवालीची साडेब्याऐंशी. कागदावर दोनच सेंटिमीटर. सिग्नलला डावा पाय टेकला की दोनवालीवर टाच जमिनीला लागते, तीनवालीवर फक्त चवडा. रस्त्याला उतार असला तर तेवढ्याने गाडी सावरायला हँडल घट्ट धरावं लागतं. उपाय आहे: तीनवालीच्या सीटचा फोम समोरून बारा मिलिमीटर कापायचा आणि कडा गोल करायच्या, म्हणजे मांडी आत येते. कुठल्याही बऱ्या हाताकडून करून घ्या.

वजन. सहा किलोंचा फरक, तीनवाली जड. ढकलताना कळतो, चालवताना नाही.

इंजिन. दोनवाली खालपासून ओढते. तिसऱ्या गिअरमध्ये पुलाचा चढ कुरकुर न करता चढली. गर्दीत ती गरीब गाय आहे. नव्वदच्या पुढे मात्र हँडलमधून बोटांना झिणझिण्या येतात आणि आरशातला ट्रक दोन ट्रक दिसतो. तीनवाली खाली शांत, मधे गुळगुळीत, आणि मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वर असा काही आवाज काढते की मी हेल्मेटच्या आत एकटाच हसलो. वयाला शोभत नाही, पण लिहायचं ते खरं लिहायचं.

उष्णता. तीनवाली गर्दीत उजव्या मांडीला भाजते. बाजाराच्या चौकात तीन मिनिटं उभा होतो, तिसऱ्या मिनिटाला मी पाय बाहेर काढून ठेवला आणि मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, उतरताय का वळताय?"

पेट्रोल. दोनवाली लिटरला चोवीस, तीनवाली साडेअठरा. दोन्ही टाक्या तोंडाशी भरून, त्याच पंपावर, त्याच नळीने मोजलं आहे.

गिअर. तुमचा डावा घोटा वर पूर्ण वळत नाही, हेही कळलेलं आहे. दोन्हींचा गिअरचा लिव्हर खाली करता येतो, जोडदांडीला आटे असतात. दोनवालीचा नऊ मिलिमीटर खाली घेऊन बघितला, घोटा वर न वळवता गिअर पडतो. तीनवालीवर वरचे गिअर क्लच न दाबता पडतात, तिथे हाताला आराम, पण पायाला झटका जरा जास्त लागतो.

राहिला पुढचा भाग, म्हणजे फोर्क, पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे ते दोन पाय, आणि ब्रेक. दोनवालीचा फोर्क मऊ आहे, ब्रेक दाबला की नाक खाली घालते. मी माझ्या गाडीत जाड तेल आणि कडक स्प्रिंगा घातल्या, आता बरी आहे. तीनवालीचा फोर्क मुळातच चांगला. खड्डा आला की चाक खड्ड्यात जाऊन येतं, गाडी तिथेच राहते.

पुढच्या चाकाबद्दल एवढंच.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

साडूबुवा,

काल ही तुमच्याकडून आली, चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "निरोप आहे." सहा वर्षांत पहिला. मी हात पुसून उभा राहिलो. ती म्हणाली, "त्यांनी फक्त एवढंच विचारायला सांगितलंय: पुढचं चाक कोण बसवणार?"

मी दोन दिवस बुटात रबर घालून लंगडलो. पेट्रोलचा थेंब थेंब मोजला. सीटचा फोम मिलिमीटरमध्ये सांगितला. त्याचं तुम्ही एका ओळीत हे उत्तर पाठवता.

शोरूमवाले बसवतील. त्यांच्याकडे शिकलेली माणसं असतात, भिंतीवर प्रमाणपत्रं असतात. त्यांच्याकडून बसवून घ्या.

हे पत्र बुधवारपर्यंत थांबवत नाही. पोस्टात टाकतोय.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

साडूबुवा,

गुरुवारचं पत्र पोस्टात टाकलं नाही. पेटीपर्यंत गेलो होतो. आता या पत्रासोबत तेही पाकिटात घालतोय, कारण लिहिलं होतं हे खरं आहे आणि अर्धं खरं पाठवायचा मला कंटाळा आला आहे.

पेटीसमोर उभा असताना मला तुमचा प्रश्न दुसऱ्यांदा ऐकू आला, आणि लक्षात आलं की तो टोमणा नव्हता. औषध देताना तुम्ही गिऱ्हाइकाला विचारता, "आधीचं कुठलं औषध चालू आहे का?" तसा तो होता. उत्तर आल्याशिवाय तुम्ही पुडी बांधत नाही.

तर उत्तर देतो. सावकाश वाचा.

तुमच्या त्या जुन्या गाडीचा टायर मी त्या अपघाताच्या आदल्या दिवशी, शनिवारी बदलला. तुम्ही माझ्या स्टुलावर बसून गाडीचं पुस्तक वाचत होता. चाक चढवलं, चाकाच्या मधून जाणारा आस घातला, आणि आस आवळायच्या आधी मी फोर्कच्या खालच्या टोकाला आस पकडून ठेवणारे चिमट्याचे बोल्ट आवळले. तुम्ही पुस्तकातून मान वर केलीत आणि म्हणालात, "उस्ताद, इथे क्रम वेगळा दिलाय. आधी आस आवळायचा, मग ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबायचा, आणि शेवटी चिमटे." मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मला शब्द न् शब्द आठवतो. मी म्हणालो, "पुस्तक वाचून पोहता येत असतं तर तुमच्या दुकानातले सगळे मासे झाले असते." गॅरेजमध्ये तिघं होते, तिघं हसले. तुम्हीही हसलात. पुस्तक मिटलंत.

रविवारी घाटात, वरच्या चहावालीच्या आधीच्या तिसऱ्या वळणावर, तुम्ही पडलात.

तुम्हाला दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी मी वळणावर जाऊन वाळू शोधली. शोधली म्हणजे गुडघ्यावर बसून शोधली. सापडली. चिमूटभर. मी ती सगळ्यांना पोतंभर करून सांगितली. महिन्याभराने तुम्ही कुबड्या घेऊन आमच्याकडे जेवायला आलात, तेव्हा मी सगळ्यांसमोर हँडल धरल्यासारखे हात करून, डोळे मोठे करून दाखवलं, "साडूबुवा असे घाबरले आणि असा ब्रेक दाबला!" पोरंसोरं लोळली. तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात. त्यानंतर आलेला नाहीत.

खरं मला त्यानंतर सात आठवड्यांनी कळलं. तुमचं पुस्तक स्टुलाखाली पडलेलं होतं. एका दुपारी ते उघडलं, म्हटलं बघू तरी. मग रागाने एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर दोन्ही करून बघितलं. माझ्या क्रमाने बसवलं तर फोर्कचा एक पाय किंचित तिरका धरला जातो आणि अडकत खाली जातो. फरक कागदाच्या जाडीचा. पण वळणात बारीक खाचखळगे आले की चाक रस्त्याला चिकटून राहायच्या ऐवजी उड्या मारतं. पुस्तकातल्या क्रमाने बसवलं तर तोच फोर्क लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मी अकरा वेळा करून बघितलं. अकराही वेळा पुस्तक बरोबर निघालं.

एकोणीस वर्षं मी पुढचं चाक चुकीच्या क्रमाने बसवत होतो. कुणी शिकवलं नव्हतं, तसं कुणी थांबवलंही नव्हतं. थांबवणारे पहिले तुम्ही.

मग मी काय केलं तेही सांगतो. आधीच्या दोन वर्षांत ज्यांची पुढची चाकं काढली होती ती माणसं एकेक करून आठवली, शोधली. एकसष्ट गाड्या. प्रत्येकाला म्हटलं, "एक तपासणी राहिलीय, आणून लावा." सगळी चाकं पुन्हा काढली, पुन्हा बसवली. लोक म्हणाले, असा मेकॅनिक बघितला नाही. मी ते कौतुक ऐकून घेतलं. बासष्टावी गाडी तुमची होती आणि ती तोवर भंगारात गेली होती. त्या एकसष्ट दारांपैकी काही तर तुमच्या गल्लीच्या पुढे होती. साडेअकरा किलोमीटर यायला मला सहा वर्षं पुरली नाहीत.

का आलो नाही? माझं शिक्षण हातात आहे, साडूबुवा. ज्याच्याकडे कागद असतो त्याचा हात चुकला तर कागद उरतो. माझा हात चुकला म्हटलं तर माझ्याकडे काय उरतं, ते मला दिसत नव्हतं. आता एवढं लिहून झाल्यावर बघतो, तर सगळं जागच्या जागी आहे. जॅक आहे, शिकंजा आहे, दार करंगळीने उघडतं आहे. उगाच घाबरलो.

वाळू नव्हती. चूक माझी होती.

आता गाडीचं. तुम्ही तीन सिलिंडरचीच घ्या. दोनवाली शहाणी आहे, स्वस्त आहे, कमी पिते, आणि नुसतं दुकानात जायचं असतं तर तिच्याच बाजूने लिहिलं असतं. पण तुम्हाला पुन्हा घाटात जायचं आहे, आणि ज्या माणसाचा एकदा पुढच्या चाकावरचा विश्वास उडाला आहे त्याला पुढून चांगलीच गाडी पाहिजे. मांडी भाजेल, भाजू द्या. आधी एका दुपारी डॉक्टरीणबाईंची गाडी चालवून बघा, मी बोललो आहे. दाढ दाखवावी लागेल.

राहिला तुमचा प्रश्न. पुढचं चाक कोण बसवणार, हे तुम्ही ठरवा.


शनिवार, १ मार्च

साडूबुवा,

तुमचं उत्तर बुधवारी मिळालं. हिने पिशवीतून काढून दिलं आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली. पाठीमागून रडतेय का हसतेय ते कळत नव्हतं, दोन्ही असावं. तुम्ही पाकीट चिकटपट्टीने बंद केलं होतं. औषधवाल्याकडे डिंक नसावा?

ते पत्र मी इथे पुन्हा उतरवून काढतो. मूळ कागद गॅरेजमध्ये काचेखाली गेला आहे आणि धाकटी आज आमच्याकडे आलेली आहे, हे पत्र तीच घेऊन येईल. तुम्ही मला काय लिहिलं होतंत असं तिने विचारलं तर तुम्हाला हे दाखवता येईल.

"उस्ताद, चारही पत्रं मिळाली. मग पहिल्यापासून पुन्हा, रोज एक, जेवणानंतर, याप्रमाणे घेतली. चौथं दोनदा घ्यावं लागलं. वाळू नव्हती हे मला पडतानाच दिसलं होतं, गाल रस्त्यालाच टेकला होता. सहा वर्षं वाट बघत होतो की तुम्ही सांगाल. आता माझंही ऐका. ब्रेक मी दाबला होता. घाबरून, तुम्ही दाखवलात अगदी तसाच, डोळे मोठे करून. म्हणून तर ताटावरून उठलो. खोटं असतं तर बसून जेवलो असतो. तेव्हा अर्धं चाक तुमचं, अर्धा ब्रेक माझा. तीन सिलिंडरची सांगितली आहे, शनिवारी हातात येईल. दाढ दाखवली, किडलेली निघाली, त्याबद्दल आभार. रविवारी सकाळी सहाला गाडी घेऊन येतो. नवी असली तरी पुढचं चाक माझ्यासमोर उतरवायचं आणि पुन्हा बसवायचं. मी स्टुलावर बसून क्रम मोठ्याने वाचणार, तुम्ही हसायचं नाही. ता. क. या महिन्यात दुकानाआधीच्या चौकातून एक लाल हेल्मेट सात वेळा परत वळलं. आठव्यांदा आलं असतं तर मी शटर ओढून बाहेर येणार होतो."

सात नाही, सहा वेळा. सातवा कुणी दुसरा असेल.

स्टूल पुसून ठेवलं आहे. पुस्तक तुमच्या जुन्या गाडीचं होतं, ते आता लागणार नाही, नव्या गाडीचं घेऊन या. फोमसाठी सुरीला धार लावली आहे, पण आधी तुम्ही बसा, मी बघतो, मग बारा मिलिमीटर का दहा ते ठरवू. चाक झालं की घाटात. वरची चहावाली अजून आहे. तिसऱ्या वळणावर मी पुढे राहीन, वेगाने नाही. तुम्हाला वाटलं तर थांबू, नाही वाटलं तर नाही.

हिला म्हटलं, सकाळी सहाला साडूबुवा येतायत. ती म्हणाली, "मला काय सांगता, आम्ही दोघींनी बुधवारीच ठरवलंय, आम्ही मागून गाडीने येणार. आणि तो सीलंट साध्या कणकेच्या पाण्याने सुटतो, माहितीये का?"

आता एक शेवटचं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की माझी दोन सिलिंडरची सध्या फारशी बाहेर काढत नाही. ते अर्धं होतं. ती मी विकायला काढली होती, जानेवारीपासून. एकट्याने चहा प्यायला एवढी मोठी गाडी कशाला, असा हिशेब होता. काल फरशीचा ठेकेदार बघायला आला. चालवून आला, उतरला, टाकीवर हात ठेवून म्हणाला, "अशी ठेवलेली गाडी बघितली नाही. तुम्ही मागितलेत त्याहून पंचवीस हजार जास्त देतो, आत्ता, रोख." मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, रविवारी लागते. तो म्हणाला, मग सोमवारी येतो. म्हटलं, सोमवारच्या पुढेही रविवार आहेत.

तीन लाख पंच्याऐंशी हजार देत होता.